झटकायची सवय

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या गल्लीतलं शेवटचं स्टेशनरीचं दुकान बंद झालं आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा आला. दुकानदाराने जाताना उरलेल्या शाईच्या बाटल्या पायरीवर मांडून ठेवल्या होत्या, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. मी दोन पिशवीत टाकल्या. आमच्या ह्यांनी मात्र एकही उचलली नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्या माणसाचा जन्म शाईत गेला, त्याने फुकटच्या शाईकडे पाठ फिरवून चालू लागावं, हे मला खटकलं. खटकलं म्हणजे काय, माशाचा काटा घशात अडकावा तसं झालं.

हे मोजणी खात्यात नकाशे काढायचे. खात्यात त्यांना 'फूटपट्टी' म्हणत, कारण पट्टी न लावता मारलेली त्यांची रेघ पट्टी लावल्यासारखी येई. नकाशावरची गावांची नावं, हद्दी, रस्ते सगळे त्यांच्या हातचे. पण एक गोष्ट त्यांना खात्याने कधी दिली नाही. नद्या. नदी काढायला म्हणे हात जरासा सैल लागतो, थोडा हलता लागतो. ह्यांचा हात इतका स्थिर की नदी वळली तरी आखून वळल्यासारखी दिसे. साहेब यायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, "हा कालवा झाला. नदी कुठाय?" मग तो कागद शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे जायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, कामाला उशीर, पण नद्या अशा काढायचा की बोट लावलं तर ओलं होईल. निवृत्तीनंतरही ह्यांच्या मनातला तो सल गेला नव्हता. जेवता जेवता मधूनच म्हणायचे, "एखादी नदी द्यायला काय हरकत होती?" मी म्हणायची, "आता भात घ्या."

तर त्या वर्षी ह्यांचं लिहिणं हळूहळू बंद झालं. आधी शब्दकोडं गेलं. पूर्वी सरळ शाईने भरायचे, खाडाखोड नाही. आता "तू लिही, मी सांगतो," असं सुरू झालं. मग बाजारात जाताना काय आणायचं ते तोंडी पाठ करून जाऊ लागले आणि निम्मं विसरून येऊ लागले. विचारलं की एकच उत्तर. "डोळ्यांना नीट दिसत नाही ग." नवा चष्मा झाला, तरी दिसेना. पण समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणाचं वाजलंय, ते मात्र त्याच डोळ्यांना बाल्कनीतून स्वच्छ दिसायचं.

डोळे नव्हतेच ते. हात होता. स्वस्थ बसलेले असले की हात शहाण्या मुलासारखा मांडीवर पडलेला असे. काही उचलायला, धरायला गेले की थरथर सुरू. चमचा धरला तर जरा कमी, पेन धरलं तर विचारू नका. एकदा मी कपाटाच्या आरशातून पाहिलं. टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहू बघत होते. मग तो कागद चुरगळून खिशात कोंबला. मी काही बोलले नाही. अख्खं खातं ज्या माणसाला फूटपट्टी म्हणत होतं, त्याला 'तुमचा हात हलतो' हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी डोळ्यांचं नाटक चालू ठेवलं, मी प्रेक्षकाचं.

पण लिहिणं आटलं तसं त्यांचं बोलणंही आटायला लागलं. आपली ड्रॉइंगची पेनं डब्यासकट कुणा ओळखीच्याला देऊन टाकली. आल्यागेल्याशी दोन वाक्यं बोलून आतल्या खोलीत जायचे. मला धास्ती ह्याचीच होती, की आज पेन सुटलं, उद्या हा माणूस एकेक करून सगळंच सोडून देईल. मला बाकी काही नको होतं. ह्यांनी पुन्हा पेन हातात धरावं, एवढंच.

आणि अशात एका सकाळी वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आवाज अजून तसाच खणखणीत. लग्न केलं नाही. लोक मांजरं पाळतात, वन्संनी पेनं पाळली. दर सुट्टीला घंगाळभर कोमट पाण्यात त्यांची अंघोळ चाले आणि मग टॉवेलवर सगळी ओळीने निजवलेली असत. त्या वेळी कुणी गेलं तर चहा मिळत नसे.

"वहिनी, रविवारी दोघं तयार राहा. पेनांचा मेळा आहे," त्या चपला काढता काढताच म्हणाल्या.

"पेनांचा? म्हणजे नुसती पेनं बघायला जायचं?"

"बघायला, हाताळायला, वास घ्यायला."

"वास?"

"तुम्ही नाही का कोथिंबिरीचा वास घेऊन मग पिशवीत टाकत? तसंच असतं ते."

पेपराआडून ह्यांचा आवाज आला. "मी नाही येत. मला डोळ्यांचा त्रास आहे."

"दादा, पेनाने लिहितात ते हाताने."

मी चटकन पेपराकडे पाहिलं. पण वन्सं सहज बोलून गेल्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पेपर जरा खाली आला, पुन्हा वर गेला.

मी म्हटलं, "मला बघायचंय बाई. मी जाते वन्संबरोबर. आवडली तर चार पेनं घेऊन येईन."

हे पेपर घडी करत म्हणाले, "चार? मग मला यावंच लागेल."

मेळा एका जुन्या हॉटेलाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता. मी आयुष्यात लग्नाचे हॉल पाहिले, निवडणुकीचे पाहिले, रक्तदानाचे पाहिले, पण इतकी माणसं जमून एवढी शांतता मी कुठे पाहिली नव्हती. लांबच लांब टेबलं, त्यांवर हिरव्या बनातीचं जाड लोकरी कापड, बनातीवर ट्रे आणि ट्रेमध्ये पेनं पेटीतल्या पिलांसारखी एकमेकांना चिकटून निजलेली. प्रत्येक टेबलावर वाकडी मान करून उभा असलेला एक दिवा. डोळ्याला भिंग लावलेली माणसं. एकाने कडक रबराच्या एका जुन्या पेनाचं टोपण काढून खरोखरच नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि शेजारच्याला म्हणाला, "रबर अजून जिवंत आहे." मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी 'सांगितलं नव्हतं?' अशा भुवया उडवल्या.

दारातच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'विचारल्याशिवाय टोपण फिरवू नये.' त्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात, 'विचारूनसुद्धा जोरात फिरवू नये.'

मी ह्यांच्याकडे एक डोळा ठेवून हिंडत होते. ते हात पाठीमागे बांधून, संग्रहालयात आल्यासारखे चालले होते. एका खांबाजवळ दोन भले गृहस्थ बोलत होते. माझे कान आपोआप तिकडे वळले.

"दिसायला देखणी आहे हो. पण फार कोरडी."

"तुमची कोरडी तरी आहे. माझी आधीची नुसती ओरखडायची."

"जीभ धुऊन पाहिलीत?"

"धुतली की! काही फरक नाही. शेवटी कंटाळून मेव्हण्याला दिली. आणि गंमत बघा, त्याच्याकडे गेली नि सुतासारखी सरळ!"

मी वन्संना कोपराने ढोसलं. "अहो, ही माणसं कुणाबद्दल बोलताहेत? लाज नाही वाटत ह्यांना?"

वन्सं इतक्या हसल्या की भिंगवाल्यांनी माना वर केल्या. "निब हो वहिनी, निब! कोरडी म्हणजे शाई हात राखून सोडणारी. आणि जीभ म्हणजे निबेखालचा हा काळा तुकडा. त्याच्यावरून शाई खाली येते."

मला मग चळच लागला. जाईन तिथे कान देऊन ऐकायचं. 'मान ढिली आहे', 'पोटात जुनी शाई सुकलीय', 'फार लवकर ओकते'. एवढा दवाखाना भरलेला आणि पेशंट एकही तक्रार करत नाही.

दुसरी मौज म्हणजे चाचणीचे कागद. प्रत्येक टेबलावर एक वही, पेन उचललं की त्यात चालवून बघायचं. माणूस पेन चालवून बघताना काय लिहितो, ते मी वाचत सुटले. बहुतेक जण सही करतात. काही नुसती वेटोळी काढतात. एकाने मुळाक्षरं 'ण'पर्यंत लिहून सोडून दिली होती. एका बाईंनी फिकट जांभळ्या शाईत लिहिलं होतं, 'दूध, साबण, जिना घासणे'. खालीच दुसऱ्या कुणाच्या तरी मोत्यासारख्या अक्षरात, 'जिन्याचं काय झालं?' मी ह्यांना ते दाखवलं. ते हसले. पण दाखवायला मी वही पुढे केली, तेव्हा त्यांनी हात पाठीमागचा पुढे आणला नाही.

तेवढ्यात वन्संची हाक. "दादा! इकडे ये. हे तुला दाखवायचंय."

त्या टेबलामागचा गृहस्थ म्हणजे ह्या मेळ्यातला जुना मुरलेला संग्राहक. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. वन्संनी ओळख करून देण्याआधीच तो सांगत होता, "मी दर वर्षी पांढराच घालून येतो. शाईशी कसं वागावं हे कळलं पाहिजे माणसाला. आजवर एक ठिपका नाही!" आणि त्याने छाती जरा पुढे काढली, आम्हाला नीट दिसावं म्हणून.

"माझा दादा नकाशे काढायचा," वन्सं म्हणाल्या. "अक्षर बघाल तर छापल्यासारखं. दादा, लिहून दाखव."

"नको," हे म्हणाले. "डोळे..."

"अहो, दोन शब्द लिहा!" पांढऱ्या शर्टाने एक काळंभोर जाड पेन उघडून निब शाईत बुडवली आणि ते ह्यांच्यासमोर धरलं. "ह्या निबेला बऱ्याच वर्षांत चांगला हात लागलेला नाही."

आता कोण नाही म्हणणार? आजूबाजूची दोनचार माणसंही मान वळवून उभी राहिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाठीमागचा हात पुढे आला, पेन घेतलं, कागदाच्या दिशेने गेला, आणि कागदाला पोचायच्या आतच नाचायला लागला. एक मोठा हिसका बसला. पांढऱ्या शर्टाच्या खिशापासून तिसऱ्या बटणापर्यंत निळ्या ठिपक्यांची ओळ उमटली.

मला ह्यांचा कान दिसत होता, तो लाल झाला होता.

मग हे म्हणाले, "सवय. जुनी सवय. लिहायच्या आधी झटकायची."

आणि काय सांगू, हॉलचा तो कोपरा एकदम फुटला. "अरे हो! झटकणं!" "आमच्या वर्गात पुढच्या बाकावरच्याच्या पाठीवर नक्षत्रं असायची!" "मी तर मास्तरांच्या टोपीवर झटकलं होतं, छड्या खाल्ल्या!" जो तो मनगट हवेत हिसडून दाखवायला लागला. भिंगवालेसुद्धा हसायला लागले. पांढरा शर्ट आधी खाली बघत होता, मग त्यालाही हसू आलं. "चला, आमचं शाळेत जायचं राहिलं होतं, तेही झालं," असं म्हणून त्याने पेन अलगद ह्यांच्या हातातून काढून घेतलं. लिहायचं सगळेच विसरले. ह्यांचा हात परत पाठीमागे गेला.

सुटले. पण मला बरं वाटलं नाही. कारण ह्यांनी जन्मात पेन झटकलं नव्हतं. नकाशाच्या टेबलावर पेन झटकणाऱ्याला खात्यात उभं करत नसत. नकाशावर निळा ठिपका पडला की तिथे विहीर झाली! कुणाच्या तरी शेतात नसलेली विहीर उगवायची आणि मग भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या. घरात पोरं पेन झटकायला लागली तर हे ओरडायचे, "विहिरी पाडू नका रे!" तोच माणूस आज चारचौघांत म्हणत होता, मला झटकायची सवय आहे.

हे वन्संनाही ठाऊक होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दादा? आणि झटकणार? अहो, हा तर..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"आई ग!"

"काय झालं हो?" पांढऱ्या शर्टाने विचारलं.

"काही नाही. वहिनींना पेनांची इतकी गोडी लागलीय, की माणसांच्या अंगावर चढताहेत," वन्सं पाय चोळत म्हणाल्या. पण गप्प बसल्या. आणि भावाकडे त्यांनी एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलावरून हाक आली. "ते झटकणारे काका, जरा इकडे या."

तिथे एक पन्नाशीची बाई बसली होती. समोर एक लहानशी मोटर, तिच्या टोकाला फिरणारी चकती, बाजूला पाण्याची वाटी. ती निबा घासून द्यायची, ज्याच्या हाताला जशी लागेल तशी. पूर्वी कुणा दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या बनवायची. "आधी लोकांचे दात घासायचे, आता निबा घासते," असं ती येईल त्याला सांगे. "फरक इतकाच की निब धरून ठेवली तर बोंबलत नाही."

हे म्हणाले, "माझ्याकडे घासायला पेनच नाही."

"पेन मी देते. बसा तर खरं."

"डोळ्यांना..."

"डोळे नाहीत बघायचे मला. हात बघते मी."

ह्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "तू जरा चहा घेऊन येतेस?"

चहाचं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी गेले. दोन कप घेतले, एक पूर्ण, एक अर्धा. परत आले ती मात्र सरळ आले नाही. त्यांच्या मागेच एक जाडजूड खांब होता, त्याच्या आड उभी राहिले. तुम्ही काहीही म्हणा, माझ्या जागी असतात तर तुम्हीही राहिला असतात.

"बाई, मी झटकलं नव्हतं," हे हळू आवाजात सांगत होते.

"दिसलं मला. झटकणारा माणूस आधी हात मागे घेतो. तुमचं पेन घेतल्यापासूनच हलत होतं."

"घरात सांगितलेलं नाही. हिला वाटतं माझे डोळे अधू झालेत."

"बरं."

"तिला कळलं तर जीव टांगणीला लावून बसेल. तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलू? पण काका, काकू त्या खांबामागेच आहेत. पर्सचा पट्टा दिसतोय."

आता लपून काय उपयोग? मी दोन्ही कप सांभाळत पुढे आले. ह्यांनी वर पाहिलं. चोरी सापडल्यावर कसं पाहतात, तसं. पण सापडलं कोण होतं, ते दोघांनाही कळेना.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"खांबामागे? आत्ताच आले."

"ते नाही विचारत."

"तुम्ही चहा अर्धा कप मागायला लागलात तेव्हापासून."

ह्यांनी माझ्या हातातल्या दोन्ही कपांकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

"झालं?" निबवाली म्हणाली. "काकू, तुम्ही त्या स्टुलावर बसा. काका, हे घ्या."

तिने दिलेलं पेन गाजराएवढं जाड होतं, पण वजनाला हलकं. मनगटाखाली तिने एक घडी केलेला रुमाल ठेवला. "लिहायचं नाही. अक्षर काढायचं नाही. दाबायचं तर अजिबातच नाही, हे काही बॉलपेन नव्हे. नुसतं टेकवा आणि हात जाईल तिकडे जाऊ द्या. तुमचा हात कुठे कुठे जातो ते मला बघायचंय."

ह्यांनी पेन टेकवलं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यापासून एक रेघ निघाली. निघाली तीच वाकडी. डावीकडे जरा गेली, थरथरली, उजवीकडे झुकली, एका जागी रुंद झाली, पुन्हा बारीक झाली. मला ती बघवेना. ह्याच हाताच्या रेघा मी पाहिल्या होत्या ना. रेघ कागदाच्या तळाशी आली. ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांची बोटं कागद चुरगळायला पुढे झाली. आरशात पाहिलं होतं तशीच.

आणि थांबली.

ह्यांनी कागद लांब धरला. जवळ धरला. चष्मा कपाळावर सारला. साहेब सारायचे म्हणे, तसाच.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, हे बघ ना."

"बघतेय. काय आहे?"

"नदी."

मी वाकून पाहिलं. खरंच नदी होती. डोंगरातून नुकतीच उतरलेली, कुठे जायचं ते न ठरवता निघालेली. इथे पात्र पसरलंय, तिथे खडकातून अंग चोरून गेलीय. हे इतक्या वर्षांत मुद्दाम काढायला गेले असते तर जमलं नसतं.

"घासू ना निब?" निबवालीने विचारलं.

"थांबा हो जरा," हे म्हणाले, आणि त्यांनी स्वतःहून पेन उचललं. मी काही सांगितलं नव्हतं, निबवालीनेही नाही. नदीला डावीकडून एक ओढा येऊन मिळाला. मग उजवीकडून दुसरा. हात नाचत होता, आणि जितका नाचत होता तितकं पाणी खळखळत होतं. अर्ध्या तासापूर्वी ज्या हाताला हे पाठीमागे बांधून फिरवत होते, त्याला आता ते रस्ता विचारत होते.

निबवाली हाताकडे बघत राहिली. मग पेन मागून घेतलं, निबेचं टोक चकतीला लावलं, पाण्यात बुडवलं, भिंगातून पाहिलं, परत लावलं. "तुमच्या रेघेला मी हात लावत नाही," ती म्हणाली. "फक्त टोक गोटीसारखं गोल करते. म्हणजे हात कुठेही वळला तरी ते कागदात रुतणार नाही आणि शाई तुटणार नाही."

एवढ्यात वन्सं आल्या, मागून पांढरा शर्ट. तो आता पांढरा राहिला नव्हता, पण नाव तेच पडलं ते पडलं.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"नदी आहे," हे म्हणाले. आणि मग पांढऱ्या शर्टाकडे वळून, मघाच्यापेक्षा मोठ्या आवाजात, "साहेब, तुमच्या शर्टावर मी विहिरी पाडल्यात. मघाशी झटकलं म्हणालो, ते खोटं. हात हलतो माझा."

पांढऱ्या शर्टाने आपल्या छातीकडे पाहिलं, मग कागदाकडे. "विहिरी आहेत तर मग जवळून एखादी नदीही जाऊ द्या. कोरडवाहू का ठेवता?"

वन्सं हसल्या नाहीत. त्या भावाच्या खांद्याला धरून नुसत्या उभ्या होत्या. टेलिफोनवर आयुष्य गेलेल्या बाईला काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी सुचलं ते असं. "नाव कुठाय? नकाशावर नदीला नाव लागतं. बिननावाची नदी कुठे असते का, दादा?"

वन्संना कळलं आपण काय मागितलं ते, पण शब्द निघून गेला होता. नदी वाकडी चालते. अक्षर वाकडं झालं तर ते फक्त वाकडं अक्षरच असतं. ह्यांनी पेन हातात फिरवलं. निबवालीने रुमाल मनगटाखाली पुन्हा सरकवला आणि दुसरीकडे बघायला लागली.

नकाशावर नदीचं नाव तिच्या वळणाने, अक्षरं जरा कलती करून लिहितात. ह्यांनी तसंच लिहायला घेतलं. पहिलं अक्षर पडलं. अक्षरशः पडलं, आडवं. दुसऱ्याचा काना भलतीकडे गेला. मग जरा सावरलं. काठाकाठाने, पाण्यात पाय घालून चालावं तसं एकेक अक्षर पुढे गेलं. लिहून झाल्यावर कागद माझ्यासमोर सरकवला.

नदीच्या वळणाशेजारी लिहिलं होतं, 'कालवा नव्हे'.

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि चहा बनातीवर सांडला. हेही हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. वन्सं एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. "काय झालं? एवढं हसण्यासारखं काय आहे? मला सांगा ना कुणीतरी!"

घरी येताना आम्ही एकच पेन आणलं. तेच, गाजराएवढं. मी अर्धा कप चहा भरायचं सोडून दिलं. पूर्ण भरायची आणि सांडलं तर पुसायची. हे डॉक्टरकडेही गेले, माझ्याबरोबर. वयाने येणारी थरथर निघाली, पुढे फारशी बळावली नाही.

ह्यांनी त्यानंतर सात वर्षं नद्या काढल्या. पाठकोऱ्या कागदांवर, पाकिटांवर, पेपराच्या कडेला. बाजाराच्या याद्याही स्वतः लिहू लागले, आणि त्यापायी मी एकदा साखरेऐवजी साबण घेऊन आले, तर म्हणाले, "अक्षर वाचायला न येणाऱ्याला मोजणी खात्यात घेत नसत." झोपेतच गेले. उशाशी एक नदी अर्धी होती, ती तशीच ठेवली आहे.

पांढऱ्या शर्टाने तो शर्ट धुतला नाही, म्हणजे डाग जातील असा धुतला नाही. दर वर्षी मेळ्याला तोच घालून यायचा आणि त्याच्या हट्टाने खिशावर काढून दिलेल्या नदीला हे दर वर्षी एक ओढा जोडायचे. तो गेल्यावर त्याच्या मुलाने शर्ट काचेत लावलाय असं ऐकलं. निबवालीला आता बारीक काम दिसत नाही. तिने आपल्या सुनेला शिकवलंय, आणि ती सासूपेक्षा बरी घासते असं निबवाली स्वतःच सांगते, तेही सुनेसमोर. वन्सं आता माझ्याकडेच राहतात. कानाला कमी ऐकू येतं, नावं विसरतात, पण पेनाचं टोपण काढून नाकाशी धरलं की रबर जिवंत आहे की मेलं ते अजून सांगतात. 'कालवा नव्हे'चा अर्थ मी त्यांना तेव्हाच समजावला होता. हल्ली पुन्हा विचारतात, मी पुन्हा सांगते, आणि त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात.

पेन माझ्याकडे आहे. पायरीवरून उचललेल्या त्या दोन बाटल्यांपैकी दुसरी अजून अर्धी आहे. निबेला ह्यांच्याच हाताची सवय. माझ्या हातात ती जरा अडते, जरा रुसते. परवा मीही एक नदी काढून पाहिली. वन्संनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, हा कालवा झाला."